कराची ते मुंबई, मार्गे सूर्यमाळ

जावयाला सासरवाडीत राजाचा मान असतो, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी एकालाही पुंजासारखा सासरा मिळालेला नसावा.

पुंजा जव्हारच्या डोंगरात, सूर्यमाळ नावाच्या माळाच्या खालच्या अंगाला एका पाड्यावर राहायचा. भात, नाचणी, चार बैल आणि दोन मुली. माणूस जोखायची त्याची रीत अगदी साधी होती. पाड्याचा चढ चढताना माणूस किती विसावे घेतो, तेवढं तो बघायचा. एक विसावा म्हणजे बरा गडी. दोन म्हणजे चालून जाईल. तीनच्या पुढे तो सहसा मोजत नसे. थोरली मुलगी माघी हिच्या लग्नात नवरदेव नवसू यांनी त्या चढावर अकरा विसावे घेतले होते (आणि डोक्यावर ओझं म्हणाल तर फक्त बाशिंग).

तेव्हापासून नऊ वर्षांत पुंजाने जावयाला एकही प्रश्न विचारला नव्हता. पेरणी कधी करावी हे तो शेजाऱ्याला विचारी, पाऊस कसा होईल हे मुंग्यांची रांग बघून ठरवी, आणि आज कुठल्या शेतात जायचं हे कधीकधी बैलालाही विचारी. नवसू म्हणजे मराठी सातवी पास, जव्हार संस्थानच्या जंगल कचेरीत कारकून, अक्षर असं की हेडकारकूनसुद्धा मान डोलवायचे. पुंजाचं त्यावर म्हणणं एवढंच होतं, "अकशर काय कुनी खात नाय."

नवसूला हे लागायचं. तो बोलून दाखवत नसे, पण लागायचं. आयुष्यात एकदा सासऱ्याने आपल्याला काहीतरी विचारावं आणि आपण त्याचं चोख उत्तर द्यावं, एवढीच त्याची इच्छा होती. देवाने ती पुरी केली. देव काही वेळा अशी गंमत करतो.

फाल्गुनात पुंजा जव्हारच्या बाजाराला आला. धाकट्या रुपीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, तिच्यासाठी लुगडी घ्यायची होती. तो नवसूच्या खोलीच्या ओट्यावर चिलीम भरत बसला होता आणि शेजारी नवसू वर्तमानपत्र वाचत होता. (हे वर्तमानपत्र आधी हेडकारकून वाचत, मग दवाखान्यातले कंपाउंडर वाचत, मग ते नवसूकडे येई, आणि शेवटी माघी ते फडताळात अंथरी. त्यामुळे नवसूला जगाची बातमी आठ दिवस शिळी मिळे, पण मिळे.) त्यात छापलं होतं की डाकेचं विमान आठवड्यातून एकदा कराचीहून निघतं, अहमदाबादला थांबतं आणि त्याच दिवशी मुंबईत उतरतं. नवसूने ते मोठ्याने वाचलं. पुंजाने चिलीम तोंडातून काढली.

"पाव्हणं," पुंजा म्हणाला, "कराची लांब हाय काय?"

नऊ वर्षांतला पहिला प्रश्न! नवसूने वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली. खरं तर "हो, लांब आहे" एवढं म्हणून गप्प बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण नवसू म्हणाला, "उद्या मोजून सांगतो, मामा."

जंगल कचेरीत भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा होता. एका इंचाला शंभर मैल. मोजायला दोरा हवा होता. पण जंगल कचेरीत दोरा कुठला! तिथे एकच वस्तू मुबलक, ती म्हणजे झाडांचा घेर मोजायची दोरी. साग मोजायचा तर दोरी, ऐन मोजायचा तर दोरी. नवसूने बारा वर्षं जगातली प्रत्येक गोष्ट त्या दोरीने मोजलेली होती. त्याने तीच घेतली. एक टोक कराचीवर धरलं, दोरी अहमदाबादला वळवली आणि दुसरं टोक मुंबईवर दाबलं. भरले साडेसहा इंच. म्हणजे साडेसहाशे मैल. विमान ताशी शंभर मैल जातं असं छापलेलं होतंच. साडेसहा तास, अधिक अहमदाबादचा अर्धा तास, एकूण सात तास. छापल्याप्रमाणे सकाळी साडेसहाला निघालं की दुपारी दीडला मुंबई.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण नवसूने दोरीकडे पुन्हा पाहिलं. मुंबईच्या अलीकडे साठ मैलांवर, अगदी दोरीच्या खाली, जव्हार-मोखाड्याचा डोंगर होता. म्हणजेच सूर्यमाळ होतं! नवसूने कागद घेतला. साठ मैलांना छत्तीस मिनिटं. दीडमधून छत्तीस मिनिटं वजा. बारा चोपन्न. एक वाजायला सहा मिनिटं कमी.

संध्याकाळी तो घरी आला तो जवळजवळ उडतच आला.

"मामा, कराची साडेसहाशे मैल."

"म्हंजी किती?"

मैल हा प्रकार पुंजाच्या कामाचा नव्हता. त्याच्याकडे जवळचं अंतर हाकेत, मधलं चिलमीत आणि लांबचं भाकरीत मोजलं जायचं.

"चालत गेलं तर महिना मोडेल. विमानाला सात तास लागतात. न्याहारी करून निघालं की दुपारची भाकर मुंबईत."

"म्हंजी वाटंला भाकर बांधायची गरजच नाय?"

"नाही."

पुंजाने चिलमीतली राख झटकली. "आन विसावं किती घ्येतं?"

"एकच. अहमदाबादला. तेल प्यायला."

"साडेसहाशे मैलात येकच!" पुंजा म्हणाला, आणि त्याने नवसूकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच आकडा उभा राहिला. तो आकडा पुसायलाच हवा होता. नवसू घाईघाईने म्हणाला, "आणि मामा, ते आपल्या सूर्यमाळवरून जातं! रुपीच्या लग्नाचा जो वार आहे ना, त्याच वारी. एक वाजायला सहा मिनिटं असताना. डोक्यावरून!"

पुंजाने चिलीम खाली ठेवली. त्याने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. नवसूला रडूच यायचं बाकी होतं.

आत भाकऱ्या थापणाऱ्या माघीने हे सगळं ऐकलं होतं. पुंजा झोपायला गेल्यावर तिने विचारलं, "तुमी बघितलंय ते इमान?"

"बघायला कशाला लागतं? गणित आहे."

"मंग लोकांना गनित बघाया बोलवा म्हनावं," असं म्हणून तिने तवा उतरवला.

पुंजा दुसऱ्या दिवशी परत निघाला. जव्हार ते त्याचा पाडा ही दीड दिवसाची वाट, आणि त्या वाटेवर जेवढी घरं लागतात तेवढ्या घरी पुंजा पाणी प्यायला. जिथे पाणी प्यायला तिथे सांगत गेला, "रुपीच्या लगनात आमचं जावाय इमान आणतंय." विमान सूर्यमाळवरून जाणार इथपासून जावई विमान आणणार इथपर्यंतचा पल्ला या बातमीने पहिल्या तीन घरांतच गाठला.

नवसूला यातलं काही माहीत नव्हतं. तो पुढचे दोन महिने छाती पुढे काढून कचेरीत जात होता. लग्नाच्या तीन दिवस आधी तो रजेचा अर्ज घेऊन हेडकारकुनांकडे गेला आणि राहवेना म्हणून त्याने विमानाचंही सांगितलं. हेडकारकून उठले. नकाशापाशी गेले. म्हणाले, "दाखव बघू कसं मोजलंस."

नवसूने ऐटीत दोरी लावून दाखवली. हेडकारकुनांनी चष्मा पुसला आणि नाक नकाशाला टेकवून पाहिलं.

"नवसू, ही दोरी किती जाड आहे?"

"असेल पाव इंच, साहेब."

"आणि एका इंचाला किती मैल?"

"शंभर."

"म्हणजे दोरी किती मैल जाड झाली?"

नवसूने हिशोब केला. मग त्याचा चेहरा पडला. दोरी पंचवीस मैल जाड होती.

"हिच्याखाली डहाणूचा समुद्र आहे," हेडकारकून म्हणाले, "किनारा आहे, तुझं जव्हार आहे, मोखाडा आहे. विमान यातल्या कोणावरून जातं ते तू दोरीला विचारलंस का? माझं म्हणशील तर ते किनाऱ्याकिनाऱ्याने जात असणार. झाडाचा घेर मोजायच्या दोरीने आभाळ मोजायला निघाला होतास?"

"साहेब," नवसू अगदी बारीक आवाजात म्हणाला, "जोराचा वारा आला तर विमान इकडे सरकेल?"

"सरकेल की," हेडकारकून म्हणाले. त्यांनी अर्जावर सही केली. "रजा मंजूर. आल्यावर सांग."

नवसू माघीला काही बोलला नाही. कसं बोलणार! दीड दिवस दोघं चालत होते, माघीच्या डोक्यावर आहेराचं गाठोडं, नवसूच्या काखेत पंच्यात गुंडाळलेलं घरचं टाइमपीस घड्याळ. वाटेत माणसंच माणसं. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या हातात भाकरीचं फडकं, एका म्हातारीला तर दोघांनी झोळीत घातलं होतं.

"कुठं निघालात?" नवसूने विचारलं.

"इमान बघाया. पुंजाचं जावाय आणतंय." म्हातारीने झोळीतून डोकं बाहेर काढलं. "तुमी कुनीकडं?"

नवसू म्हणाला, "आम्ही असेच." माघीने त्याच्याकडे पाहिलं.

लग्नाच्या सकाळी पुंजाच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बोलावणं होतं दीडशे माणसांना. नवऱ्या मुलाकडचे, म्हणजे पोशेरा गावचे चाळीस-पन्नास, धरूनच. आले होते पाचशे. आणि खरा घोळ जेवणाचा नव्हता. तांदूळ होता, उडदाची डाळ होती. घोळ होता पाण्याचा.

वैशाखात त्या डोंगरात पाणी म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पाड्याचा ओहोळ होळीलाच आटलेला. खाली दोन मैलांवर ओहोळाच्या वाळूत खणलेला एक झिरा, त्यात पाणी असं साठायचं की करवंटीने भरायचं आणि पुढच्या करवंटीसाठी वाट बघायची. पाड्यातल्या बायकांनी चार दिवस खेपा घालून लग्नासाठी तीस हंडे भरून मांडवाच्या कडेला ओळीने ठेवले होते. आणि रीत अशी की लग्नाच्या मांडवात जो पाऊल ठेवील त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा. ओळखीचा असो नसो, बोलावलेला असो नसो. पाणी नाकारणं म्हणजे घराण्याला बट्टा.

पाचशे माणसं उन्हातून चालत आलेली. ती प्यायली. विमान यायला वेळ होता म्हणून पुन्हा प्यायली.

दहा वाजेपर्यंत हंडे उरले नऊ, आणि भाताला अजून आधण चढायचं होतं. माघी नवसूला चुलीमागे घेऊन गेली.

"आदणाचं पानी प्याली मानसं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजून दोन घटका गेल्या तर पोशेऱ्याचं वऱ्हाड उपाशी जाईल. माज्या बाच्या दारातनं वऱ्हाड उपाशी! रुपीला जलमभर ऐकवतील. हे तुमच्या गनितापायी."

एवढ्यात पुंजा आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याने फक्त ओळीतल्या रिकाम्या हंड्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, आणि त्याला आयुष्यातला पाचवा प्रश्न विचारला, "पाव्हणं, येल ना वो ते?"

नवसूला वाटलं, आपण या माणसाला नऊ वर्षं अडाणी समजत होतो, आणि ह्याने आपल्या एका शब्दावर पाचशे लोकांना पाणी पाजलं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. अशा वेळी खरं सांगून टाकावं. नवसूच्या तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"येईल मामा, पण इथून दिसायचं नाही. इथे झाडी आहे. नीट बघायचं तर वर माळावर जायला हवं. आत्ताच निघायला हवं."

त्याचं गणित असं होतं: माणसं वर गेली की पाणी वाचेल. विमान न दिसल्याचा बोभाटा वरच्या वर होईल. शिवाय बहुतेकांचे पाडे माळाच्या पलीकडचे. ते वरूनच परस्पर घरी जातील. हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव गणित, जे तंतोतंत बरोबर आलं. फक्त थोडं जास्तच बरोबर आलं.

पुंजाने मांडवात उभं राहून हाक दिली, "इमान माळावर दिसतंय रं! माळावर!" आणि पाचशे माणसं उठली. धुरळा उडाला. झोळीतली म्हातारी सगळ्यांच्या पुढे होती. घटकेभरात अंगण असं मोकळं झालं, की कोंबड्या परत आल्या. माघीने भाताचं आधण चढवलं. नवसूने नऊ हंडे पुन्हा मोजले आणि घाम पुसला.

मग धोंडीबाई मांडवात आली. त्या भागात लग्न लावायला भट नसतो, धवलेरी असते. ती गाणी म्हणते, ती विधी सांगते, आणि तिचा शब्द मोडायची कोणाची छाती नसते. धोंडीबाईने मांडवाच्या मधल्या खांबाची सावली पाहिली. पाटावर बसलेली रुपी पाहिली. रुपीसमोरचा रिकामा पाट पाहिला.

"नवरी हाय," ती म्हणाली. "मांडव हाय. हळद हाय. नवरा कठं?"

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. नवरा सोम्या मांडवात नव्हता. त्याचा बाप ढवळू नव्हता. वाजंत्रीवाले नव्हते. पोशेऱ्याचं अख्खं वऱ्हाड विमान बघायला माळावर गेलं होतं. ढवळू जाताना पुंजाच्या बायकोला सांगून गेला होता म्हणे, "लगन काय, कवापन लागंल. इमान काय रोज येतंय?"

"अंगाला हळद लागल्याला नवरा मांडव सोडून माळावर?" धोंडीबाईने कपाळावर हात मारला. "ह्या खांबाची सावली उंबऱ्याला लागायच्या आत नवरा पाटावर बसला तर लगन लावीन. सावली लागली की मी उठले. मंग पावसाळा सरंपातूर वाट बघा."

रुपी पाटावरून हळूच म्हणाली, "ताय, मीपन जाऊ काय बघाया?"

माघीने तिला खाली दाबलं आणि नवऱ्याकडे वळली. "तुमीच घालवलात. तुमीच आना."

नवसू निघाला. काखेत टाइमपीस. वाट वळणावळणाने जात होती, तिला वेळ लागला असता. नवसूच्या डोक्यात दोन महिने नुसती सरळ रेघ फिरत होती. कराची ते मुंबई सरळ जाता येतं, तर पाडा ते माळ का नाही? तो वाट सोडून सरळ वर घुसला. सरळ रेघेत आधी करवंदीची जाळी होती. मग एक खडक होता. मग दुसरी करवंदीची जाळी होती. विमानाला या अडचणी येत नाहीत, ही गोष्ट वर्तमानपत्रात छापलेली नव्हती. त्याचा सदरा एका जाळीत राहिला, एक वहाण खडकाखाली राहिली. किती विसावे घेतले ते सांगण्यात अर्थ नाही.

माळावर पोचला तेव्हा टाइमपीसमध्ये बारा पन्नास झाले होते. पाचशे माणसं आभाळाकडे तोंड करून उभी होती. नवसू एकेकाला हलवून विचारत सुटला, "नवरा बघितलात का? हळद लावलेला?" कोणी मान खाली करेना. शेवटी ढवळू वर बघतच म्हणाला, "त्या आंब्यावर."

सोम्या एका जुन्या आंब्याच्या शेंड्याकडच्या फांदीवर बसला होता. अंगभर हळद, कपाळाला बाशिंग, बाशिंगाची एक बाजू फांदीत अडकलेली.

"सोम्या! उतर! सावली उंबऱ्याला लागेल!"

"आदी इमान."

"अरे, तुझं लग्न आहे!"

"आदी इमान, भावजी. तुमीच तर आनलंय."

नवसूने टाइमपीस बुंध्याशी ठेवलं आणि तो झाडावर चढला. त्याने सोम्याचा पाय धरला. सोम्याने फांदी धरली. नवसूने ओढलं, सोम्याने आवळलं, आणि फांदीने दोघांनाही सोडलं. आधी नवसू पडला, पालथा, वाळक्या पानांत तोंड खुपसून. त्याच्या पाठीवर सोम्या पडला, उताणा.

आणि नेमक्या त्याच वेळी पाचशे माणसांनी एकदम आरोळी ठोकली. "आलं! आलं! त्ये बघा! त्ये बघा!"

नवसूच्या कानात घूंऽऽऽ असा आवाज घुमत होता. तो विमानाचा असेल. मोडलेल्या फांदीवरच्या मधमाश्यांचा असेल. त्याच्या स्वतःच्या डोक्यातला असेल. त्याने तोंड वर काढायचा प्रयत्न केला, पण पाठीवर सोम्या होता आणि सोम्या हलायला तयार नव्हता.

"उठ रे! मला बघू दे!"

"थांबा, भावजी," सोम्या म्हणाला. "आजून दिसतंय." थोड्या वेळाने तो समाधानाने उठला. "गेलं."

नवसूने आभाळाकडे पाहिलं. आभाळ झाडून घेतल्यासारखं स्वच्छ होतं. टाइमपीसमध्ये एक वाजायला पाच मिनिटं होती.

सोम्याचा घोटा मुरगळला होता. नवसूने त्याला पाठुंगळीला घेतला आणि या खेपेला वळणाच्या वाटेने खाली आणला. सोम्या वाटभर त्याच्या कानात विमानाचं वर्णन करत होता. सावली उंबऱ्यापासून चार बोटांवर असताना नवरा पाटावर बसला. लग्न लागलं. पाचशेंतले साडेतीनशे, नवसूच्या हिशोबाप्रमाणे, माळावरूनच आपापल्या पाड्यांवर गेले. भात शिजला. पोशेऱ्याचं वऱ्हाड पोटभर जेवलं, आणि सगळ्यांनी हात धुतल्यावरसुद्धा एक हंडा भरलेला उरला. पुंजाने तो हंडा सगळ्यांना दिसेल असा पुढे आणून ठेवला.

जेवण झाल्यावर माणसं अंगणात बसली. विषय एकच.

"लाल होतं," ढवळू म्हणाला.

"नाय, पांढरं. पंखाखाली पंख, दोन मजली."

"सायबानं रुमाल हालवला. मला बघून हालवला."

"पोटात कागदं दिसत व्हती. डाकंची."

"म्यापन बघितलं," माघी म्हणाली. "हिथनं. शेपटीकडली बाजू."

नवसू थक्क होऊन ऐकत होता. पाण्याचं संकट टळलं होतं, लग्न लागलं होतं, आता खरं बोलायला हरकत नव्हती. उलट हे ओझं मनावर घेऊन परत जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"मामा, मला एक सांगायचंय. माझं गणित चुकलं होतं. दोरी जाड होती. ते विमान इकडून जात नाही, ते तिकडे डहाणूच्या बाजूने, समुद्राच्या कडेने जातं. तुम्ही बघितलंत ते गिधाडबिधाड असेल."

अंगणातले लोक एकमेकांकडे बघू लागले. पुंजाने चिलमीचा एक झुरका घेतला.

"पाव्हणं, तुमी बघितलं काय ते?"

"नाही."

"मंग?"

पुंजाने मायेने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "आसंल. तुमचं गनित चुकलं आसंल. त्याचं काय येवडं? इमान बरूबर आलं ना!"

"त्या इमानवाल्याला वाट ठाव हाय," ढवळू म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"पन पाव्हण्यांचं वंगाळच झालं," पुंजा हळहळला. "येवडं जव्हारपासनं आलं, आन बघाया मिळालं नाय. ये धोंडीबाय, ह्यांना जरा नीट समजावून सांग, इमान कसं आसतं ते."

धोंडीबाई सरकत नवसूजवळ आली. तिला एका डोळ्याने अजिबात दिसत नसे, आणि दुसऱ्याने दुपारी ती खांबाची सावली बघत बसली होती. तिने उरलेली एक नाचणीची भाकर हातात घेतली, दोन्ही बाजूंना दोन बोटं पंखांसारखी पसरली आणि ती नवसूच्या डोक्यावरून हळूहळू फिरवू लागली. नवसू मान वर करून बघत राहिला. न बघून सांगतो कोणाला? सगळ्या डोंगरात विमान न पाहिलेला तो एकटाच होता.